बुद्धिमत्तेत शहाण्णव

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की पिंपळी-लिमटेकच्या आसपास शिष्यवृत्तीच्या निकालानंतर रस्त्याकडेला फ्लेक्स लागतात. पाचवीच्या पोरांचे फोटो, खाली विषयवार गुण, आणि त्यात सगळ्यात ठळक ओळ: बुद्धिमत्ता, १०० पैकी ९६. पोरांचं कौतुक आहेच. दहा वर्षांच्या मुलानं वर्षभर पहाटे उठून ५० पैकी ४८ प्रश्न बरोबर सोडवले तर त्याच्या पाठीवर थाप पडलीच पाहिजे. माझं भांडण त्या फ्लेक्सशी नाही, त्याच्या जोरावर जे बोललं जातं त्याच्याशी आहे.

बोललं जातं ते असं. बुद्धी उपजत असते. शास्त्रज्ञांनी ती मोजायची चाचणी काढलेली आहे. ती लहानपणीच घ्यावी, हुशार पोरं वेचून काढावीत, पैसा आणि शिक्षक त्यांच्यावर लावावेत; बाकीच्यांसाठी गुरुजींनी रक्त आटवू नये. एका सत्कार समारंभात एका क्लासचालक वक्त्यांनी हे सगळं माइकवरून सांगितलं आणि वर जोडलं की ऊसतोड्यांची पोरं शाळेत बसवून पटसंख्या वाढते, बुद्धी वाढत नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत शिक्षकही होते, म्हणून हे लिहायची वेळ आली.

आधी वक्त्यांच्या धंद्यातलीच गोष्ट घेऊ. बुद्धी उपजत असेल आणि ही परीक्षा ती मोजत असेल, तर वर्षभराची बॅच कशासाठी? जून महिन्यात बुद्धिमत्तेत ४० गुण पडणारं पोरगं फेब्रुवारीत ९६ पर्यंत जातं, याचीच तर जाहिरात असते. म्हणजे एकतर बुद्धी शिकवून वाढते, किंवा हा पेपर बुद्धी मोजत नाही. दोन्हींपैकी कुठलंही खरं धरा, 'उपजत बुद्धी वेचून काढा' हे तिथंच कोसळतं. फी घेताना एक तत्त्वज्ञान आणि भाषण करताना दुसरं, असं चालायचं नाही.

शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजीला ५० आणि बुद्धिमत्ता चाचणीला १०० गुण असतात. आमच्या वेळी ही परीक्षा चौथीला होती, २०१६-१७ मध्ये ती पाचवीला गेली. प्रश्नांचा साचा मात्र तोच. वर्गीकरण, समसंबंध, सांकेतिक भाषा, रांगेतील स्थान, आरशातील प्रतिमा, वेन आकृती. पुढं हाच साचा नवोदयला मानसिक क्षमता म्हणून भेटतो आणि पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत पुन्हा बुद्धिमत्ता चाचणी म्हणून. प्रत्येक प्रकाराला गाइडमध्ये एक धडा आणि प्रत्येक धड्याला एक युक्ती. घड्याळाची आरशातली वेळ काढायची तर ११ तास ६० मिनिटांतून वजा करायची. पोराला आरसाही आठवावा लागत नाही. याला सराव म्हणावं, चांगला सराव म्हणावं, पण मानसशास्त्रज्ञ आपल्या चाचण्यांचे प्रश्न जपून ठेवतात ते नेमकं याच कारणानं. आधी पाहिलेला प्रश्न बुद्धीबद्दल फारसं काही सांगत नाही. ९६ गुणांत पोराची समज किती, वर्षभराची घोकंपट्टी किती आणि घरी अभ्यासाला बसवणारी आई किती, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

आता एक प्रश्न जवळून पाहू. 'विसंगत घटक ओळखा: भेंडी, गवार, वांगी, बटाटा.' अपेक्षित उत्तर बटाटा, कारण तो जमिनीखाली येतो. शेतात राबणाऱ्या घरातलं पोर भेंडीवर गोल करू शकतं. का? भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते, आणि तोडताना हाताला खाज सुटते. त्याच्या जगात भेंडी खरोखरच वेगळी आहे. तिच्यामुळं त्याची शाळा बुडते. उत्तरपत्रिकेला कारण विचारायची सोय नाही, तिथं चुकीचं वर्तुळ एवढंच उरतं. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत असेच प्रश्न घेऊन फिरला होता. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतलं वेगळं काय, असं विचारल्यावर निरक्षर शेतकरी सांगायचे की काहीच वेगळं नाही, ओंडका नसेल तर करवत कापणार काय? जे थोडं शिकले होते ते चटकन ओंडका बाजूला काढायचे. लुरियाला दिसलं ते हे, की वस्तूंना 'हत्यारं' अशा वर्गात घालून विचार करणं ही शाळेतून लागणारी सवय आहे. आपण त्या सवयीची परीक्षा घेतो आणि निकालावर 'बुद्धिमत्ता' असं छापतो.

शास्त्रज्ञांनी चाचणी काढली हे खरं आहे. कशासाठी काढली, हे मात्र वक्त्यांनी सांगितलं नाही. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली. सक्तीच्या शिक्षणामुळं सगळ्या थरांतली मुलं वर्गात आली होती, आणि नेहमीच्या शिकवण्यानं ज्यांचं भागत नाही अशी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत द्यायची होती. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सायमन यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या ३० प्रश्नांची मोजपट्टी केली. एखाद्या शिक्षकाच्या मनात आलं म्हणून मूल मठ्ठ ठरू नये, हा तिचा हेतू. बुद्धी ठरावीकच असते, ती वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर बिनेनं १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडक टीका केली आणि मागं पडलेल्या मुलांचं लक्ष, स्मरण, तर्क घडवण्यासाठी व्यायामही सुचवले. १९११ मध्ये तो वारला. दुसऱ्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्ननं मानसिक वयाला खऱ्या वयानं भागून बुद्ध्यांक काढायची रीत दिली, १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मननं स्टॅनफर्ड-बिने चाचणी आणली, आणि मदतीसाठी केलेल्या मोजपट्टीची चाळण झाली. आमचे वक्ते ज्या शास्त्राचा दाखला देतात तो त्या चाळणीचा आहे.

आपल्याकडंही सुरुवात मुळाला धरूनच झाली होती. धारवाडकडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी जशीच्या तशी उचलली नाही. कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर ती पारखून, प्रश्न बदलून, वयांप्रमाणे पुन्हा लावून घेतली; १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं त्यांचं पुस्तक काढलं. पुढं नागपुरात डॉ. ए. जे. मालिन यांनी वेक्सलरच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप केलं, ते १९६९ चं. बिने-कामत आणि मालिन या दोन्ही चाचण्या आजही भारतातल्या दवाखान्यांत वापरात आहेत. त्या कशा घेतात ते पाहिलं की आपल्या परीक्षेतला फरक लगेच कळतो. एक मूल, समोर एक प्रशिक्षित माणूस, तासभर वेळ. मूल घाबरलंय का, उपाशी आहे का, प्रश्न कळला नाही की उत्तर येत नाही, हे सगळं पाहिलं जातं, टिपलं जातं. शेवटी आकडा येतो तोही एकटा येत नाही. मोजमापात चूक गृहीत धरून 'या आकड्यापासून त्या आकड्याच्या दरम्यान' असाच तो वाचायचा असतो. चारशे पोरांना एका हॉलमध्ये बसवून पेनानं गोल रंगवायला लावणं ही वेगळीच गोष्ट झाली.

या चाचण्यांचे निकषही जुने होत जातात. न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ मध्ये दाखवून दिलं की देशोदेशी पिढी दर पिढी लोक या चाचण्यांत जास्त गुण मिळवत आलेत, दशकाला साधारण ३ गुणांच्या हिशोबानं. एवढ्या थोड्या वर्षांत माणसाचं बीज बदलत नाही. बदललं ते शिक्षण, अन्न, कुटुंबाचा आकार, चित्रं आणि आकृत्या बघायची सवय. याचा एक उलटा फटका आमच्याकडच्याच एखाद्या घराला बसू शकतो. जुन्या निकषांवर मोजलं की आजच्या मुलाचा आकडा फुगून येतो. बौद्धिक अक्षमतेची रेष ७० च्या आसपास असते. तिच्या वर दोन-चार गुण गेले की प्रमाणपत्र हुकतं, आणि त्यासोबत परीक्षेतल्या सवलती नि पुढच्या योजनाही. ज्या मुलासाठी बिनेनं ही खटपट केली तेच मूल बाहेर राहतं. फ्लेक्सवरच्या पोराच्या दोन गुणांसाठी उत्तरपत्रिका पुन्हा तपासून मागणारे पालक भरपूर आहेत. सत्तरच्या रेषेवरच्या या दोन गुणांवर कुणी बोलत नाही.

इथं मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही दोन शब्द बोलायचेत. बुद्ध्यांक म्हणजे निव्वळ थोतांड, प्रत्येक मूल आपापल्या परीनं बुद्धिमानच, असं सांगणारेही पालक मेळाव्यात भेटतात. हे ऐकायला गोड लागतं, पण खरं नाही. चार्ल्स स्पिअरमननं १९०४ मध्येच दाखवलं की शब्द, आकडे, आकृत्या अशा वेगवेगळ्या कसोट्यांतले गुण एकमेकांसोबत चढतात-उतरतात, आणि शंभर वर्षं हे पुन्हा पुन्हा दिसत आलंय. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं उलरिक नायसर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटानं १९९६ मध्ये सगळा पुरावा मांडला: बुद्ध्यांक आणि शाळेतले गुण यांचा सहसंबंध ०.५ च्या आसपास. मानसशास्त्रात एवढा संबंध म्हणजे पुष्कळ झाला. पण हिशोब मांडून बघा, शाळेतल्या गुणांतल्या फरकाचा जेमतेम चौथा हिस्सा त्यानं उलगडतो. बाकी तीन हिश्श्यांत चिकाटी, आवड, घर, शिक्षक, तब्येत असं सगळं येतं. बुद्धी म्हणजे नेमकं काय यावर तर १९२१ साली एका नियतकालिकानं नामवंत मानसशास्त्रज्ञांना विचारलं तेव्हा जेवढे विद्वान तेवढ्या व्याख्या आल्या होत्या, आणि आजही तो वाद मिटलेला नाही. व्याख्येवर भांडत राहूनही मोजमाप उपयोगी पडतं. ताप म्हणजे काय ते पूर्ण कळायच्या आधीपासून थर्मामीटर होताच.

'प्रत्येकाची बुद्धी वेगळी' या गोडव्याचा बाजार कसा होतो तेही पाहा. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तांची कल्पना मांडली, तिचं नाव घेऊन आता बोटांचे ठसे स्कॅन करून मुलाच्या बुद्धीचा रंगीत अहवाल देणारे लोक गावोगाव येतात. या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं जाहीर सांगितलंय. जी मंडळी बिने-कामतला थोतांड म्हणतात त्यांनी हजारो रुपये मोजून असा अहवाल घरात आणलेला मी पाहिला आहे. असो.

वक्त्यांचा खरा हुकमी पत्ता 'उपजत' हा आहे. तो पूर्ण खोटा नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की बुद्ध्यांकातल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. पण कुठल्या मुलांमधल्या फरकात? २००३ मध्ये एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचे गुण तपासले. सुखवस्तू घरांत फरकाचा बराच भाग आनुवंशिक निघाला, गरीब घरांत तो जवळजवळ नाहीसा झाला आणि सगळा भार परिस्थितीवर गेला. आमच्या भागात हे समजायला पुस्तक लागत नाही. एकाच काळ्या, निचऱ्याच्या रानात दोन बेणी लावली तर उताऱ्यातला फरक बेण्याचा असतो. पण तेच ८६०३२ जातीचं उसाचं बेणं निम्मं चांगल्या रानात आणि निम्मं कालव्याच्या पाण्यानं चोपण झालेल्या रानात लावून, चोपणातला ऊस खुरटला म्हणून बेण्याला शिव्या देणारा शेतकरी मी अजून बघितलेला नाही. रानाला चर काढतात, जिप्सम टाकतात. पोरांच्या बाबतीत मात्र शहाणी माणसं बेण्याकडं बोट दाखवून मोकळी होतात.

ऊस निघालाच आहे तर तमिळनाडूतल्या ऊसवाल्यांचंही ऐका. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तिथल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धिमत्ता चाचणी दोनदा घेतली, एकदा तोडणीआधी हात आखडलेला असताना आणि एकदा बिल हातात आल्यावर. २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये ते छापून आलं. तोच शेतकरी तोडणीआधी कमी पडला, तोडणीनंतर सुधारला. बुद्ध्यांकाच्या भाषेत फरक जवळपास १० गुणांचा. या संशोधनातल्या सांख्यिकीवर आक्षेप घेतले गेले आहेत, ते मी लपवत नाही. पण सोसायटीचं कर्ज थकलंय, कारखान्याचा पहिला हप्ता आला नाही आणि घरात लग्न आहे, अशा महिन्यात आपलं डोकं कसं चालतं हे आमच्या छत्रपती साखर कारखान्याच्या कुठल्याही सभासदाला विचारा. मग ज्याच्या ऊसतोड्या बापानं मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, त्याच्या पोराचा 'उपजत' आकडा कुठल्या महिन्यात मोजायचा?

आणि कुणासमोर मोजायचा? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी घातली. जात जाहीर केली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव-जात पुकारून तीच कोडी घातली तेव्हा खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींची मुलं मागं पडली. काही मिनिटांत डोकं बदललं का? वर्गात ऊसतोड्यांच्या मुलांवर 'टोळीवाल्यांची पोरं मागं बसा' असं ओरडलं जातं, त्याचा हिशोब कुठल्या उत्तरपत्रिकेत धरतात, हे मला वक्त्यांना विचारायचंय.

टोळीचीच एक पोरगी सांगतो, दहा-अकरा वर्षांची. आई-बाप फडात, ही खोपीजवळ वाढ्याच्या पेंढ्या विकत बसलेली. म्हशीवाला आला. चारशे रुपये शेकडा, पेंढ्या एकशे पस्तीस. त्यानं पाचशे पुढं केले. "शंभराचं चारशे, पस्तिसाचं एकशे चाळीस. चाळीस द्या अजून, दादा." तो म्हणाला, "दोन-चार पेंढ्या बारीक आहेत." ती म्हणाली, "मग त्या दहा ठेवा नि पाचशे द्या." एकशे पंचवीस पेंढ्यांचे बरोबर पाचशे होतात, हे म्हशीवाल्याला मागाहून कळलं. हीच पोरगी शाळेत १३५ गुणिले ४ मांडायला सांगितलं की पाटीकडं बघत राहते. हे काही माझ्या एकट्याचं निरीक्षण नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता नि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेवर मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये मांडला: बाजारातला हिशोब अचूक, तोच वहीत मांडला की अडखळणं. त्यात आणखी एक भाग होता, तो आमच्या फ्लेक्सवाल्यांनी जपून वाचावा. शाळेत शिकणारी मुलं वहीतली गणितं बरी करत होती, बाजारातल्या हिशोबाला मात्र फार थोडी पुरी पडली. म्हणजे एकाकडं बुद्धी आणि दुसऱ्याकडं ठणठणाट, असला मामला नाही. दोन्हींकडचं अर्धंअर्धं शिक्षण राहून गेलंय, आणि ते पुरं करायचं काम शाळेचं आहे.

राहिलं ते वाक्य: शाळेत बसवून पटसंख्या वाढते, बुद्धी वाढत नाही. याचं सरळ उत्तर उपलब्ध आहे. २०१८ मध्ये स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी सहा लाखांहून जास्त माणसांची माहिती असलेले अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. शिक्षणाचं एक जादा वर्ष बुद्ध्यांकात साधारण १ ते ५ गुणांची भर घालतं, आणि ती भर म्हातारपणापर्यंत दिसते. शाळा बुद्धी वाढवते. ज्या गोष्टी बुद्ध्यांक वाढवतात असं आज ठामपणे सांगता येतं त्यांत शाळा सगळ्यात वर आहे. आता बीड-जालन्याकडून दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर निघालेलं पोर मार्च-एप्रिलपर्यंत इथं असतं. दरवर्षी त्याचं अर्धं वर्ष जातं. आठवीपर्यंत किती शाळा गेली आणि त्या हिशोबानं किती गुण गेले ते मांडा, आणि मग त्याची तुलना बारामतीत बॅच लावलेल्या पोराशी करा. ही मुलं गावाकडंच राहून शिकावीत म्हणून २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. तरीही जी पोरं इथं येतात ती आमच्याच शाळेची आहेत.

मग हुशार पोरांनी काय करावं, असा प्रश्न येईलच. त्यांनी परीक्षा द्यावी, शिष्यवृत्ती घ्यावी, फ्लेक्सही लावावा. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून बुद्धिमान मुलांसाठी काम करते आणि तिथंही निवड होते. पण तिथं बुद्धीचे अनेक पैलू मानणारी गिलफर्डची चौकट वापरून मोजतात, एका गोलावर थांबत नाहीत. निवडीला माझा विरोध नाही. न निवडलेल्यांचा शिक्षक काढून घ्यायला आहे.

वक्त्यांना मी एक सुचवतो. यंदा टोळ्या उतरल्या की दहा पोरं घ्या. तेच गाइड, तेच सर, तेवढेच तास, फी गावाकडून वर्गणी काढून देतो. पहिल्या आठवड्यात जुना पेपर घ्या, पोरं परतायच्या आत दुसरा घ्या, आणि दोन्हींचे गुण तुमच्याच फ्लेक्सवर छापा. पोरं मध्येच गळतील, असं तुम्ही म्हणाल. गळतीलही, पुढचा फड लागला की खोपी रातोरात हलते. पण तेव्हा गुण का कमी पडले ते शोधायला मुकादमाची वही उघडावी लागेल, आणि ती उघडायला मी सोबत येतो.